पावाचा तुकडा आणि वर्गणीची पावती

आमच्या तुमसरात धान किती येतो, आसपासच्या खाणींतून मँगनीज किती निघतं, याचे आकडे सरकारदरबारी मिळतात. मंडळं किती आहेत याचा आकडा मात्र कुणाकडेच नाही. तो काढायला चार माणसं बसली, तर पहिल्याच बैठकीत त्यांचंच एक मंडळ होईल, अध्यक्ष-उपाध्यक्ष निवडले जातील आणि मोजणी पुढच्या वर्षावर जाईल, असा माझा अंदाज आहे.

मी या गावात इतिहासाचा मास्तर म्हणून आलो त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. हावडा-मुंबई मार्गावर ‘तुमसर रोड’ अशी पाटी बघून मोठ्या उत्साहाने उतरलो, तेव्हा कळलं की स्टेशन देव्हाडीला आहे आणि तुमसर अजून पुढे आहे. स्टेशनच्या नावात ‘रोड’ असला की ‘इथून पुढचं तुमचं तुम्ही बघा’ असा अर्थ घ्यायचा, हे रेल्वेचं व्याकरण मला त्या दिवशी समजलं. रिक्षावाल्याने ट्रंक चढवता चढवता नाव, गाव, पगार आणि लग्न एवढ्या गोष्टी विचारून घेतल्या आणि शेवटी म्हणाला, “मंग गुरुजी, कोन्त्या मंडळात जानार जी?” मी म्हटलं, “आधी खोलीवर जातो.” त्याला हे उत्तर फारसं पटलं नसावं.

पुढे कळलं, की प्रश्न त्याचा एकट्याचा नव्हता. गणेश मंडळ, शारदा मंडळ, भजनी मंडळ, व्यायाम मंडळ, भिशी, राइस मिलच्या मागच्या खोलीत चालणारा रमीचा अड्डा (त्यालाही त्याचे सभासद ‘मंडळ’च म्हणत), आणि अलीकडे सकाळी फिरायला जाणाऱ्यांचं मंडळ, ज्यातले निम्मे सभासद पहिल्या चहाच्या टपरीपलीकडे जात नाहीत. सगळ्यांनी मला बोलावलं. इतिहासाचा मास्तर बिनकामाचा आणि त्यामुळे सर्वांनाच उपयोगी, असा एक समज सगळीकडे असतो.

माणसं मंडळात का जातात, हे मी तेव्हापासून बघत आलोय. कुणाला पेटी वाजवायची असते आणि घरात कुणी वाजवू देत नाही. कुणाला पावतीपुस्तक हातात धरून बाजारातून फिरण्यात सुख असतं. कुणाला फलकावर फोटो हवा असतो. पूर्वी ‘शुभेच्छुक’ म्हणून खाली बारीक अक्षरात नाव आलं तरी माणूस खूश असे. आता फ्लेक्सवर पासपोर्टच्या आकाराचा तरी चेहरा पाहिजे, मग तो नारळ आणि अगरबत्तीच्या जाहिरातीमध्ये चेंगरलेला का असेना. माझे शेजारी तहसील कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेत. या विषयात त्यांचा अधिकार मोठा, कारण ते एकाच वेळी सात मंडळांत आहेत आणि सातांपैकी चारांत खजिनदार आहेत. त्यांचं म्हणणं सरळ आहे. “गुरुजी, पयले हे पाहाचं, आपल्या घरी काम पडलं तं किती जन येतीन. लग्नात वाढाले आन मयतीत खांदा द्याले. बाकी ठराव-बिराव ठीकच हाय.”

हे वाक्य जरा लक्षात ठेवा. मला ते पुढे लागणार आहे.

हे सगळं आठवायचं कारण, माझ्या धाकट्या बहिणीची नात. ती अमेरिकेत शिकायला गेली आहे. रविवारी सकाळी ती मोबाइलवर चेहरा दाखवते, तेव्हा तिकडे शनिवारची रात्र असते आणि तिच्या मागे कुणीतरी नाचत असतं. परवा ती म्हणाली, “मामाआजोबा, तुम्ही हिस्टरीचे ना? मग मला सांगा, मी कुठली सोरॉरिटी घेऊ?” मला आधी वाटलं, हा एखादा पर्यायी विषय असेल. मग तिने समजावून सांगितलं. तिकडच्या कॉलेजांत मुलांची फ्रॅटर्निटी असते, मुलींची सोरॉरिटी. एक शब्द लॅटिनमधल्या भावावरून आला, दुसरा बहिणीवरून. नावं मात्र ग्रीक अक्षरांची, दोन किंवा तीन. ऐकताना भूमितीचा पेपर चालू आहे असं वाटतं. आपण अर्ज करून भागत नाही, त्यांनी आपल्याला बोलवावं लागतं. तिला दोन घरांकडून बोलावणं आलं होतं. पहिलं घर मोठं, पांढऱ्या खांबांचं, जुन्या सभासद मोठमोठ्या कंपन्यांत, म्हणजे पुढे नोकरीची सोय. तिथल्या प्रवेशविधीत काय होतं, ते मात्र आईलाही सांगायचं नाही. दुसरं बारा-चौदा मुलींचं. त्यांना घर नाही, खांब तर नाहीतच. त्या शनिवारी गावातल्या गरीब मुलांना शिकवायला जातात.

तिची आई, म्हणजे माझी भाची, मागून ओरडत होती, “मामा, तिला सांग, अभ्यास कर म्हणावं. आईला न सांगण्यासारखं असतं तरी काय तिथं?”

भाचीचा प्रश्न मुलीच्या प्रश्नापेक्षा बरा होता. आणि त्याचं उत्तर द्यायला मला अमेरिकेत जायची गरज नव्हती, मुंबईपर्यंत गेलं तरी पुरे होतं. पण मास्तर आहे, सुरुवात मुळापासूनच करणार.

ग्रीक अक्षरांचं हे प्रकरण सुरू झालं ५ डिसेंबर १७७६ रोजी. अमेरिकेने स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढून पुरते सहा महिनेही झाले नव्हते. व्हर्जिनियात विल्यम्सबर्ग इथल्या ‘विल्यम अँड मेरी’ कॉलेजातल्या काही पोरांनी ‘फाय बीटा कॅपा’ नावाची मंडळी काढली. वादविवाद करायचे, निबंध वाचायचे, असा साधा बेत. पण साध्या बेताला पोरांच्या लेखी चव नसते. म्हणून शपथ आली, पदक आलं आणि हस्तांदोलनाची एक गुप्त तऱ्हाही आली. निबंध वाचण्यासाठी गुप्त हस्तांदोलन कशाला, असं मी वर्गात विचारलं असतं तर मागच्या बाकावरून उत्तर आलं असतं, “मजा येते सर.” आणि ते खरंच असतं.

पुढे १८२६ साली न्यूयॉर्क राज्यात विल्यम मॉर्गन नावाचा एक इसम, फ्रीमेसन मंडळींची गुपितं छापून काढतो म्हणाला आणि नाहीसा झाला. तो पुन्हा कुणाला दिसला नाही. त्यावरून अमेरिकेत गुप्त मंडळ्यांविरुद्ध असा काही गहजब उठला, की राजकीय पक्ष निघाला. त्या वाऱ्यात, १८३१ साली, हार्वर्डच्या फाय बीटा कॅपाने आपली गुपितं टाकून दिली. काय हस्तांदोलन असेल ते असो, आता सगळ्यांना ठाऊक, असं झालं. आणि गंमत बघा, मंडळी मोडली नाही. उलट ती विद्वत्तेचा मान म्हणून मोठी झाली, १८७५ साली तिने बायकांनाही आत घेतलं, आणि ती अजून आहे. गुपित काढून घेतल्यावर आत काहीतरी शिल्लक होतं, म्हणून ती उभी राहिली.

आता मुंबईला चला. तिथे गुपित फुटल्यावर काय झालं, ते बघण्यासारखं आहे.

१८४८ साली एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी मिळून एक सभा काढली. नाव लांबलचक, ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’. त्यात दादाभाई नौरोजी होते, आणि तेव्हा ते ‘पितामह’ नव्हते, विशीतले होते. त्यांनीही निबंध वाचले, पण १८४९ मध्ये त्याच पोरांनी मुलींच्या शाळा काढल्या. पगारी मास्तर ठेवायला पैसे नव्हते. मग स्वतःच, आपल्या कामाला जाण्याआधी, सकाळी सकाळी जाऊन शिकवू लागले. मराठी मुलींच्या शाळेला जगन्नाथ शंकरशेटांनी आसरा दिला. मुलींना शिकवणं ही त्या काळी काही लोकांना खपणारी गोष्ट नव्हती. शिव्या खाव्या लागल्या, पण ज्याने शिव्या द्यायच्या त्याला पत्ता विचारत फिरावं लागत नव्हतं. शाळा रस्त्यावर होती, शिकवणारा दारात उभा होता.

आणि त्याच १८४९ साली, त्याच मुंबईत, दार लावून दुसरी एक सभा सुरू झाली. तिचं नाव परमहंस सभा.

तिच्यामागे होते दादोबा पांडुरंग तर्खडकर. ज्यांनी शाळेत दादोबांचं नाव ऐकलं असेल त्यांच्या पोटात अजून गोळा येईल. महाराष्ट्र भाषेचं व्याकरण त्यांनी १८३६ साली छापलं, तेव्हा त्यांचं वय बावीस. त्या वयात आमच्याकडची मुलं गणपतीच्या मंडपाचे बांबू मोजत असतात. सुरतेला शिक्षक असताना, १८४४ मध्ये, दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी मानवधर्म सभा चालवली. ती उघड होती. भर सभेत जादूटोणा करणाऱ्यांना ‘दाखवा बघू करून’ म्हणून आव्हान द्यायची. दादोबा सुरतेहून गेले, पुढे मेहताजीही गेले आणि ती विझली. मग मुंबईची ही परमहंस सभा. अध्यक्ष राम बाळकृष्ण जयकर. देव एक, माणसांची जात एक, मूर्तिपूजा नको, विधवांना पुन्हा लग्न करू द्यावं, अशी एकंदर मतं. प्रार्थना मराठीत, दादोबांनीच केलेल्या.

मतं काय, आजच्या एखाद्या व्याख्यानमालेत सांगितली तर श्रोते जांभई देतील. पण सभेत शिरायचं तर मत सांगून भागत नव्हतं. खावं लागत होतं. ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा एक तुकडा, सगळ्यांच्या देखत. काही जण मुसलमानाच्या हातचं पाणीही सांगतात.

आज आपण पावभाजीच्या गाडीवर उभं राहून ‘जरा बटर जास्त लाव’ म्हणतो. आपल्याला त्या तुकड्याचं वजन कळणं कठीण आहे. तेव्हा मुंबईत पाव भाजणारा बहुधा गोव्याकडचा ख्रिस्ती असे, पीठ माडीने आंबवलेलं, म्हणजे एका घासात परधर्म आणि दारू दोन्ही. तो घास कुणी पाहिला तर जात जायची. आणि जात जाणं म्हणजे काय, हे आमच्या हेडक्लार्कांना बरोबर कळेल. लग्नाला भट यायचा नाही, पंगतीला कुणी बसायचं नाही, बहिणीला स्थळ मिळायचं नाही, म्हातारा गेला तर खांद्याला चौथा माणूस मिळायचा नाही. जात हे सर्वांत मोठं आणि सर्वांत जुनं मंडळ. वर्गणी जन्मभर, राजीनामा नाही, पण हकालपट्टी मात्र एका घासात.

तेव्हा हे विशी-पंचविशीतले कारकून, मास्तर आणि विद्यार्थी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जमायचे, दार लावून घ्यायचे, प्रार्थना म्हणायचे आणि नव्या माणसाला तो तुकडा द्यायचे. मला हे चित्र नेहमी हलवून जातं. हसूही येतं, कारण तोंड पुसून घरी जायचं आणि सोवळं नेसून जेवायला बसायचं. पण ज्याच्या मनात काहीच नाही तो एवढं कशाला करेल? रमीच्या अड्ड्यावर जाणारा घरी खोटं बोलतो ते पत्त्यांसाठी. हे खोटं बोलत होते ते माणूस माणसाबरोबर जेवू शकतो, एवढ्यासाठी.

आत जाणाऱ्या प्रत्येकाचं कारण तेच असेल असं मात्र मी धरत नाही. बंद दाराला स्वतःचीच एक ओढ असते. आपण मूठभर जणच जाणते, बाहेरचे सगळे अडाणी, ही भावना विशीत पावापेक्षा गोड लागते. बाबा पदमनजी, ‘यमुनापर्यटन’वाले, हेही तरुणपणी या सभेत होते. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी तिच्याबद्दल लिहून ठेवलंय. ते १८५४ मध्ये उघडपणे ख्रिस्ती झाले आणि त्याची सगळी किंमत मोजली. कुणाला त्यांचं पटो न पटो, पाव लपवून खायची त्यांना नंतर गरज उरली नाही.

सभा वाढली, मुंबईबाहेरही तिची माणसं झाली. आणि १८६० साली कुणीतरी सभेची कागदपत्रं चोरली. त्यात सभासदांची नावं होती.

बस, एवढंच झालं. कुणी मोर्चा आणला नाही, सरकारने बंदी घातली नाही. नावं फुटली, असं कळताच मंडळी पांगली, आणि अकरा वर्षांची सभा मोडली. विल्यम्सबर्गच्या पोरांच्या मंडळीचं गुपित गेलं तेव्हा आतला निबंध शिल्लक होता. इथे गुपित गेलं तेव्हा मूठभर जण एका बाजूला आणि सबंध जात दुसऱ्या बाजूला असा सामना होता. हा फरक विसरून त्यांना भित्रे म्हणणं फार सोपं आहे. मी वर्गात ते कधी म्हटलं नाही, आणि एखाद्या मुलाने म्हटलं तर त्याला त्याच्या घरच्या पुढच्या लग्नाची पंगत कशी बसणार आहे एवढंच विचारलं. तो गप्प बसायचा. मीही.

पण एक प्रश्न उरतोच. अकरा वर्षांत या लोकांनी एकमेकांच्या मुलीबाळींची लग्नं लावायची, एकमेकांच्या मयतीला जायचं, अशी उघड तयारी केली असती तर? खांदा द्यायला चार जण लागतात, आणि इतके जण त्यांच्याकडे नक्कीच होते. पाव एकमेकांच्या साक्षीने खाल्ला, पण एकमेकांचं नाव चारचौघांत घ्यायची बोली त्यात नव्हती. जो तो आपल्या गुपिताला जपत होता आणि दुसऱ्याच्या गुपिताला भीत होता. अशा मंडळात माणसं जवळ येतात ती गर्दीच्या डब्यात येतात तशी. स्टेशन आलं की मोकळी.

सात वर्षांनी, ३१ मार्च १८६७ रोजी, दादोबांचेच धाकटे भाऊ डॉक्टर आत्माराम पांडुरंग यांनी प्रार्थना समाज काढला. परमहंस सभेतली काही माणसं तिकडे आली, पुढे रानडे आले, भांडारकर आले. दार उघडं, नावं उघड. फक्त पावाची अट गेली. जात मोडलीच पाहिजे असं बंधन ठेवलं नाही. जहाल लोक म्हणाले, हे तर मवाळ झालं. झालंच. पण त्या समाजाच्या रात्रीच्या शाळा चालल्या, पंढरपुरात टाकलेल्या मुलांसाठी आश्रम चालला. आत्मारामांचं मला आणखी एक आवडतं. हा गृहस्थ १८७९ मध्ये मुंबईचा शेरीफ झाला आणि १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढणाऱ्या आठ जणांत बसला. उघड मंडळ काढायची सवय लागली की माणूस पक्ष्या-प्राण्यांपर्यंत जातो.

नावं फुटण्याची गोष्ट पुण्यातही घडली, आणि पुण्यात घडल्यामुळे ती अर्थातच कितीतरी जास्त दिवस चालली. १८९०च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं. नंतर चहा-बिस्किटं आली. रानडे होते, टिळक होते, गोखले होते. कुणी चहा प्यायले, कुणी कपाला नुसता हात लावला, कुणी तोही लावला नाही. बोलावणं जमवणारे गोपाळराव जोशी, म्हणजे अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टर झालेल्या आनंदीबाईंचे यजमान. एक विक्षिप्त माणूस, आणि हा माझा सौम्य शब्द आहे. त्यांनी सगळ्यांची नावं ‘पुणे वैभव’ पत्राकडे दिली आणि ती छापून आली. मग काय, ग्रामण्य, शंकराचार्यांकडे फिर्याद, चौकशी. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये घेतलं. आपण पाप केलं असं वाटत नसताना, बरोबरच्या माणसांच्या घरात अडचणी उभ्या राहिल्या म्हणून. त्यावरून त्यांच्यावर टीका झाली आणि अजून होते. मला त्या प्रायश्चित्तात एक वेगळीच गोष्ट दिसते. त्या चहाच्या मंडळींना ना नियम होते ना शपथ, तरी नावं छापल्यावर त्यांतला सर्वांत मोठा माणूस बाकीच्यांच्या घरांचा विचार करत होता. परमहंस सभेत शपथा होत्या.

हे सगळं मी हेडक्लार्कांना सांगितलं. ते एकूण गोष्टीतून एवढंच म्हणाले, “नावाची यादी बेकार चीज हाय गुरुजी. म्हनून मी हिशोबाची वही घरी ठेवत नाई.” त्यांच्या चार खजिनदारक्यांबद्दल मला तेव्हा पहिल्यांदा थोडी काळजी वाटली.

पण आमच्याच गावात नावांची दुसरीही एक यादी आहे. १९४२च्या ऑगस्टात तुमसरात लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळ्या घातल्या, माणसं गेली. त्यांची नावं अजून दर वर्षी गावात मोठ्याने घेतली जातात. ज्या दिवशी ती माणसं निघाली त्या दिवशी कुठल्या मंडळाची पावती त्यांच्या खिशात होती ते कुणी विचारत नाही. त्याच सुमारास तुकडोजी महाराज विदर्भभर खंजिरी घेऊन फिरत होते. त्यांचं गुरुदेव सेवा मंडळ आमच्याकडे खेड्याखेड्यांत आहे. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, सगळे एका ओळीत बसलेले, आणि सकाळी रस्ता झाडायला तेच हात. परमहंस सभेने दार लावून जी प्रार्थना म्हटली, तिच्यातलं पुष्कळसं इथे गावाच्या चावडीपुढे मोठ्याने म्हटलं जातं. तिथे जाणारा प्रत्येक जण घरी जाऊन जात विसरतो असं मी म्हणणार नाही. मी तुमसरात राहतो. तरी ओळीत शेजारी कोण बसलंय ते सगळ्या गावाला दिसतं, आणि दिसतंय हे बसणाऱ्याला माहीत असतं. त्याने फरक पडतो. हळू पडतो, धानाला पाणी चढावं तसा.

नातीला मी एवढं लांबलचक सांगितलं नाही. ती मुलगी मोबाइलवर असते, इतिहासाला तिथे जेमतेम दोन मिनिटं मिळतात. ती दोन मिनिटं मी तिला तिच्याच मुक्कामाच्या देशातली गोष्ट सांगण्यात घालवली. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९०८ साली काळ्या विद्यार्थिनींनी आपली पहिली सोरॉरिटी काढली, ‘अल्फा कॅपा अल्फा’. गोऱ्या मुलींच्या मंडळ्या त्यांना आत घेत नव्हत्याच. पाच वर्षांनी त्यांच्यातल्या बावीस मुलींना वाटलं, नुसत्या आपल्याआपल्यात भेटीगाठी पुरेत, आता बाहेरचं काही करायला हवं. १३ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी ‘डेल्टा सिग्मा थीटा’ स्थापन केली. बावीस म्हणजे आमच्या शारदा मंडळाच्या कार्यकारिणीपेक्षाही कमी. घर नाही, पैसा नाही. आणि दोन महिन्यांच्या आत, ३ मार्चला, बायकांना मताचा अधिकार मिळावा म्हणून निघालेल्या मोर्चात त्या राजधानीच्या रस्त्यावरून चालल्या. मोर्चाच्या संयोजकांपैकी कित्येकींना काळ्या बायका त्यात नको होत्या आणि रस्त्याच्या कडेचे पुरुष वाटेल ते बोलत होते. त्या मंडळीने सर्वांच्या देखत केलेलं हे पहिलं काम. जुनी मंडळीही मोडली नाही, तिनेही पुढे मोठं काम केलं, दोन्ही आज आहेत.

“त्यांचे सीक्रेट्स होते का?” नातीने विचारलं.

“असतील. पण चालल्या त्या रस्त्याने.”

“म्हणजे मी बारा-चौदावाल्यांकडे जाऊ?”

मी म्हटलं, “दोन्हीकडच्या मुलींना विचार, मी तापाने फणफणले तर रात्री कोण येईल. आणि मी एखाद्या शनिवारी तुमच्याबरोबर काय करत होते, हे आईला फोनवर सांगू का.” भाची मागून म्हणाली, “मामा, हे बरं विचारलंस.” हेडक्लार्कांचं वाक्य मी अमेरिकेला पाठवलं, याची त्यांना कल्पना नाही. कळलं तर ते तिथेही खजिनदार होतील.

दादोबांचं मात्र मनातून जात नाही. पुढे ते डेप्युटी कलेक्टर झाले, रावबहादूर झाले. व्याकरणावर त्यांचं नाव ठसठशीत आहे, त्याच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या. पण धर्माबद्दल लिहिलेली पुस्तकं छापायची वेळ आली तेव्हा त्यांनी सही केली ‘एक जगद्वासी आर्य’. स्वीडनबोर्गवर इंग्रजीत लिहिलं १८७८ मध्ये, ते ‘एका हिंदू गृहस्थाचे विचार’ म्हणून.

त्यांनी आत्मचरित्रही लिहिलं होतं. अ. का. प्रियोळकरांनी ते १९४७ साली संपादून काढलं. मी ते पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा परमहंस सभेचं प्रकरण कुठे येतं म्हणून पानं उलटत गेलो. बालपण येतं, मुंबई येते, शाळा येते, सुरत येते, मानवधर्म सभा येते. १८४९ मात्र यायचं आहे. त्याआधीच ते आत्मचरित्र थांबतं.